आवाजावरची धूळ

धारवाडच्या रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या मळमड्डीच्या वस्तीत संध्याकाळी एखाद्या घरात बसून कान दिला, तर एकाच वेळी किती ध्वनी कानावर येतात! सुटणाऱ्या गाडीची शीळ, देवळातील घंटा, शेजारच्या घरातले कानडी बोलणे आणि त्यापलीकडच्या घरातले मराठी बोलणे, स्वयंपाकघरातील कुकरची शिटी आणि डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याची घरघर. तरीही कोपऱ्यात कोणी तंबोरा जुळवू लागले, की कान बाकीचे सारे बाजूस सारतो आणि तेवढा तंबोराच ऐकतो. ही निवड माणूस जन्मभर करीत असतो आणि ती करीत असल्याची जाणीवही त्याला नसते. यंत्राजवळ ही निवड नाही. त्याच्यापुढे जे येईल ते सारे ते सारख्याच निष्ठेने टिपून घेते. ध्वनिसंपादन नावाची जी विद्या आहे, ती या एका भेदातून जन्मास आली आहे. यंत्राने सरसकट टिपलेल्या ध्वनीतून हवे ते ठेवणे आणि नको ते काढणे, हे तिचे काम होय. मात्र हवे कोणते आणि नको कोणते, हे ठरविणारा कान माणसाचाच असावा लागतो.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. ज्या घरांत पूर्वी ग्रामोफोन वाजत असे, तेथे जुन्या ध्वनिमुद्रिका ट्रंकेत पडून आहेत. 1963 साली फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणल्यानंतर घराघरांतून भजने, कीर्तने, लग्नातील मंगलाष्टके आणि वडीलधाऱ्यांची बोलणी मुद्रित झाली. फितीवरील चुंबकीय थर कालांतराने सुटू लागतो आणि लाखेची मुद्रिका हातातून पडली की फुटते. तेव्हा हा ठेवा संगणकावर उतरवून घेणे निकडीचे झाले आहे. त्यासाठी लागणारी साधनेही सुलभ झाली आहेत. ‘ऑडॅसिटी’ नावाची संगणकप्रणाली तर 2000 सालापासून सर्वांना विनामूल्य मिळते. शाळेत जाणारा मुलगाही तिच्या साहाय्याने आजोबांची कॅसेट तासाभरात ‘स्वच्छ’ करू शकतो. परंतु स्वच्छ करण्याच्या उत्साहात आजोबांच्या आवाजाचाच काही अंश पुसला जाऊ नये, यासाठी ध्वनीची चार मूलतत्त्वे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारी लयबद्ध चढउतार. तार छेडली की ती पुढेमागे हलते, शेजारची हवा दाबते आणि सैल करते, आणि ही हालचाल सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने कानापर्यंत पोचते. सेकंदाला किती कंपने होतात यावर स्वराची उंची ठरते. कंपनांचा आवाका किती मोठा यावर आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे उपस्वर उमटतात, त्यांच्या मिश्रणावर आवाजाची जात ठरते. हार्मोनियमच्या काळी एकमध्ये लागणारा पुरुषी षड्ज सेकंदाला सुमारे 139 कंपनांचा असतो. तोच षड्ज सनईवर, सारंगीवर आणि गळ्यातून निराळा ऐकू येतो, तो या उपस्वरांमुळे. निरोगी तरुण कानाला साधारणतः 20 पासून 20,000 कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येत जाते.

ही हालचाल टिकवून ठेवण्याची पहिली युक्ती 1877 साली एडिसनने शोधली. त्याने कथलाच्या पातळ पत्र्यावर सुईने हवेच्या कंपनांची रेघ उमटविली. दहा वर्षांनी बर्लिनर याने तीच रेघ सपाट तबकडीवर आणली. तबकडीतील खाच ही ध्वनीचे खरोखरीचे चित्र असते. हवा जशी हलली तशी खाच वळते. 1902 च्या नोव्हेंबर महिन्यात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन मोठ्याने गावे लागे, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीतून उच्चारीत, ते हौसेखातर नव्हते. मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना गाणारीचे नाव कळावे, एवढाच त्यामागे हेतू होता.

धारवाडच्या मातीचा या तीन मिनिटांशी फार जवळचा संबंध आहे. मिरजेत राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीची मुद्रिका ऐकून गदगच्या एका मुलाने गाण्यासाठी घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी, ही हकीकत महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सर्वश्रुत आहे. खाँसाहेबांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, त्यांच्या शिष्या हुबळीच्या गंगूबाई हनगल, जयपूर घराण्याची गायकी धारवाडात रुजविणारे मल्लिकार्जुन मन्सूर, या सर्वांचे गळे प्रथम तबकड्यांवर उमटले. पुढे 1950 साली धारवाडला आकाशवाणीचे केंद्र आले आणि तबकडीची तीन मिनिटांची वेस ओलांडून हे गाणे विस्ताराने घरोघर पोचू लागले. तेव्हा येथील जुना आवाज संगणकावर उतरविताना जो चुकेल, तो या परंपरेची साक्षच पुसट करील.

आता संगणक ध्वनी कसा साठवितो ते पाहावे. खाचेत रेघ अखंड असते. संगणकाला रेघ कळत नाही, आकडा कळतो. म्हणून तो ठरावीक काळाने त्या रेघेची उंची मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. अशा एका मोजणीला नमुना म्हणतात. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात. हा आकडा लहरीने ठरविलेला नाही. ज्या सर्वांत उंच स्वराची नोंद करावयाची, त्याच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले तर मूळ लहर पुन्हा पूर्णपणे उभी करता येते, हा सिद्धान्त नायक्विस्ट आणि शॅनन या दोघांच्या नावाने प्रसिद्ध आहे. कान 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो; त्याची दुप्पट 40,000; त्यावर थोडी सवड ठेवून हा आकडा निघाला.

मोजणी किती वेळा करावयाची, हा एक प्रश्न. किती बारकाईने करावयाची, हा दुसरा. धान्याच्या तराजूवर सोने जोखत नाहीत. सीडीवरील प्रत्येक नमुना 16 बिटांचा असतो, म्हणजे उंचीच्या 65,536 पायऱ्या असतात. 24 बिट घेतले तर पायऱ्या 1,67,77,216 होतात आणि अगदी मंद आवाजाचाही बारकावा सुटत नाही. एकमार्गी मुद्रिकेच्या तीन मिनिटांचे सीडीच्या मापाने 79,38,000 आकडे होतात. इतके आकडे लिहिण्यास मनुष्याला कित्येक महिने लागतील. संगणक ते गाणे चालू असतानाच लिहून मोकळा होतो.

या मोजपट्टीला वरचे टोक असते, हे मात्र विसरून चालत नाही. आवाज त्या टोकाच्या पलीकडे गेला, तर यंत्र त्याला टोकाचाच आकडा देते. लहरीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो आणि आवाज फाटतो. तो फाटका आवाज नंतर बेतास बात सांधता येतो, पण गेलेला माथा परत येत नाही. म्हणून ध्वनी उतरवून घेताना पातळी जरा खालीच ठेवावी. कमी आवाज पुढे वाढविता येतो. फाटलेला आवाज मात्र कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही.

साठवणुकीतही विवेक हवा. ‘वेव्ह’ नावाच्या नमुन्यात सारे आकडे जसेच्या तसे राहतात. ‘एमपी-थ्री’ या नमुन्यात, मोठ्या आवाजाखाली दबून कानाला ऐकू येणार नाहीत असे यंत्राला वाटणारे ध्वनी गाळून टाकलेले असतात. त्यामुळे जागा थोडी लागते. मित्राला पाठविण्यास ते ठीक आहे. परंतु जे एकदा गाळले ते गेलेच, आणि त्यावर पुन्हा संपादन करून पुन्हा साठविले की गाळणी दुसऱ्यांदा लागते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघाने जतनासाठी सेकंदाला निदान 48,000 नमुने आणि 24 बिट असे माप सुचविले आहे, आणि तेही न गाळलेल्या स्वरूपात.

ध्वनी संगणकात आला, की पडद्यावर त्याची नागमोडी आकृती दिसते. आता कात्री हाती घ्यावयाची. पण ती कोठे चालवावी यालाही नियम आहेत. लहर मध्यरेषेवर, म्हणजे शून्यावर असताना कापले तर सांधा ऐकू येत नाही. माथ्यावर कापले तर ‘टक्’ असा आवाज होतो. म्हणून कापलेल्या टोकांना काही सहस्रांश सेकंदांचा उतार देतात आणि एका तुकड्याचा उतार दुसऱ्याच्या चढावर ठेवून सांधतात. गाण्यात आणखी एक बंधन असते. तीनतालाच्या 16 मात्रांतून काही वगळावयाचे झाल्यास पूर्ण आवर्तनच वगळावे लागते. पंधरा मात्रा काढल्या तर सांधा पडद्यावर सुबक दिसेल, पण सम चुकेल आणि रसिकाचा मान डोलावणारा ठेका अडखळेल. पडद्यावरील आकृती डोळ्यांसाठी आहे. न्यायनिवाडा कानाकडेच असावा.

जुन्या मुद्रणांतील दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला ओरखड्याचा. 78 फेऱ्यांच्या तबकडीवर आडवा ओरखडा असेल तर तो दर 0.77 सेकंदाला एकदा टकटकतो. हा आवाज क्षणभराचाच असतो, म्हणून तेवढा क्षण काढून दोन्ही बाजूंच्या लहरी पाहून मधली लहर भरता येते. वस्त्राला रफू करतात तसे हे काम आहे आणि ते सावकाश केले तर निर्धोक आहे.

दुसरा दोष विजेच्या घुमण्याचा. भारतात वीज सेकंदाला 50 आंदोलनांची असल्याने 50, 100, 150 अशा कंपनांवर ती मुद्रणात शिरते. तेवढ्या कंपनांवर अरुंद चाळणी लावली की घुमणे कमी होते. परंतु चाळणी रुंद झाली तर काय होते? पांढरी दोनचा षड्ज सुमारे 147 कंपनांचा, म्हणजे 150 च्या अगदी शेजारी. घुमणे घालविण्याच्या भरात गायकाचा षड्जच क्षीण व्हावयाचा!

तिसरा दोष अखंड खरखरीचा, आणि खरी परीक्षा येथेच आहे. ती घालविण्यासाठी संगणकाला प्रथम निव्वळ खरखरीचा एक तुकडा ऐकवितात. गाणे सुरू होण्यापूर्वीच्या खाचेतून तो मिळतो. हाच गोंगाट, असे समजून संगणक पुढील साऱ्या मुद्रणातून तसे ध्वनी दाबत जातो. यामागचे गृहीत असे, की गोंगाट स्थिर असतो आणि हवा असलेला आवाज बदलत असतो. भाषणाला हे लागू पडते. हिंदुस्थानी गाण्यात मात्र एक ध्वनी मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो, तो म्हणजे तंबोरा. नमुन्याच्या तुकड्यात तंबोऱ्याचा झंकार चुकून आला, तर यंत्र त्यालाच धूळ समजून झाडून टाकते. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे सारे वैभव जवारीत, म्हणजे तारेखालच्या घोडीवरील त्या सूक्ष्म घासण्यातून उठणाऱ्या उपस्वरांत आहे. हा झंकार आणि तबकडीची खरखर यांची कंपने एकमेकांत मिसळलेली असतात. झाडलोट जास्त झाली की झंकार जातो, गायक एखाद्या निर्वात खोलीत गात असल्यासारखा वाटतो, आणि त्याचे सूर पाण्याखालून आल्यासारखे थरथरू लागतात.

यावर एक साधी कसोटी आहे. काय राहिले ते ऐकण्याऐवजी काय काढले ते ऐकावे. ऑडॅसिटीत आणि अशा इतर प्रणालींत काढून टाकलेला भाग तेवढाच ऐकण्याची सोय असते. त्या केरात निव्वळ खरखर असेल तर काम ठीक झाले. त्यात तंबोऱ्याचा झंकार, श्वासाची चाहूल किंवा ‘स’, ‘श’ यांसारखी अक्षरे ऐकू आली, तर सुपातून केराबरोबर दाणेही बाहेर गेले, असे समजून हात आखडता घ्यावा.

वेगाचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. 78 फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या असत असे नाही. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला तर गाणे अर्ध्या स्वराने चढते. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आणि त्याची लयही तेवढीच घाईची होते. गंगूबाई हनगल यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. 1913 साली धारवाडात जन्मलेल्या या गायिकेच्या तिसाच्या दशकातील मुद्रिका ‘गांधारी हनगल’ या नावाने निघाल्या; त्यांत आवाज उंच आणि बारीक आहे. पुढे घशाच्या विकारानंतर तोच आवाज भारदस्त आणि खर्जाकडे झुकलेला झाला, इतका की अनोळखी श्रोत्याला तो पुरुषाचा कंठ वाटावा. 2009 साली त्या निवर्तल्या तोवर हाच आवाज त्यांची ओळख झाला होता. आता हा इतिहास न जाणणारा एखादा संपादक उत्तरकाळातील फीत ऐकून काय करील? फितीचा वेग मंद पडला असावा, असे समजून तो वेग वाढवील आणि स्त्रीचा आवाज ‘स्त्रीसारखा’ करून ठेवील. दोष नाहीसा केल्याचे समाधान त्याला मिळेल. आजारावर मात करून उभी राहिलेली एक गायकी मात्र त्या मुद्रणातून नाहीशी होईल.

अशा वेळी निर्णय कशावरून करावा? गंमत अशी, की पुष्कळदा तो गोंगाटच साक्ष देतो. मूळ मुद्रणाच्या वेळी शिरलेले विजेचे घुमणे 50 कंपनांवर असावयास हवे. ते 53 वर भरले, तर फीत सहा टक्के वेगाने धावत आहे हे उघड झाले. ज्या घुमण्याला दोष म्हणून पहिल्या झपाट्यात काढून टाकावयाचे, तेच खऱ्या सुराचे माप सांगते. गौहर जान यांच्या शेवटच्या उच्चाराचेही तसेच. तो गाण्याचा भाग नाही म्हणून कापला, तर त्या काळच्या मुद्रणपद्धतीचा एक पुरावाच कापला जातो.

हीच सावधगिरी बोललेल्या शब्दालाही लागू आहे, किंबहुना तेथे धोका अधिक आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘ती जमीन त्याला दिली नाही,’ असे एखादी वृद्धा मुद्रणात बोलली, आणि शेवटचा अर्धा सेकंद कापला गेला, तर उरते ‘ती जमीन त्याला दिली.’ कानडीतील ‘इल्ल’ हादेखील शेवटीच उभा असतो. या दोन्ही भाषा बोलणाऱ्या गावात एवढ्याशा कात्रीने साक्ष उलटी फिरू शकते, आणि सांधा शून्यावर असेल तर तो कोणाच्याही कानाला जाणवणार नाही. बोलणाऱ्याचे अडखळणे, मध्येच थांबणे, खोकणे हेही पुष्कळदा अर्थपूर्ण असते. उत्तर देण्यापूर्वी कोणी चार सेकंद गप्प राहिले, तर ते मौन उत्तराचाच भाग होय.

म्हणून ज्यांना घरातील जुना आवाज संगणकावर आणावयाचा आहे, त्यांनी काही व्रते पाळावीत. मूळ फीत किंवा तबकडी उतरवून झाल्यावरही टाकू नये. संगणकावर आलेली पहिली प्रत न गाळता, न झाडता, जशीच्या तशी दोन निरनिराळ्या जागी ठेवावी आणि तिला हात लावू नये. सारे संपादन दुसऱ्या प्रतीवर करावे. काय कापले, कोणती चाळणी लावली, वेग किती बदलला, याची नोंद साध्या वहीत तारखेनिशी करावी. कोण गात किंवा बोलत आहे, कोठे आणि साधारण केव्हा, हे घरातील जाणत्या माणसांना ते हयात असतानाच विचारून त्याच वहीत लिहावे. नाव नसलेला आवाज दोन पिढ्यांनंतर कोणाचाच राहत नाही.

यंत्रे उत्तरोत्तर अधिक चतुर होत आहेत. गाणे, तबला आणि तंबोरा वेगवेगळे काढून देणाऱ्या प्रणालीही आता निघाल्या आहेत, आणि उद्या त्याहून समर्थ साधने येतील. त्या दिवशी त्यांच्या हाती देण्यास अस्पर्शित मूळ प्रत शिल्लक असेल, तर आज न सुटलेली धूळ उद्या हलक्या हाताने निघेल. मूळ प्रत नसेल, तर आजच्या घाईत पुसलेला तंबोरा कोणालाही परत आणता येणार नाही. आवाज स्वच्छ करण्यास उशीर झाला तरी चालेल. तो सुरक्षित ठेवण्यास उशीर होता कामा नये.